वसईच्या किल्ल्यातील एक विद्यार्थी

दरवर्षी पहिल्या सत्राच्या आरंभी हजेरीपट हाती येतो, आणि मराठीचे अध्यापक असूनही त्यावरील नावे वाचताना आमची जीभ दोनचारदा तरी अडखळते. पालघर-बोईसरकडच्या कोणत्याही महाविद्यालयात हेच घडत असणार. वारली, कोकणा, मांगेला, वाडवळ, भंडारी ही या मातीतील कुळे. त्यांच्या जोडीला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे आलेली यादव, मौर्य, शेख, साहू ही मंडळी. अणुशक्ती केंद्रातील कर्मचाऱ्यांची तमिळ-मल्याळी मुले. आणि अधूनमधून एखादा डिसोजा किंवा लोपीस. तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 साली सुरू झाले, त्यामागोमाग कारखाने आले, आणि मासळी व चिकूच्या या पट्ट्यात अर्धा हिंदुस्थान येऊन वसला. अशा वर्गात 'अल्पसंख्य' कोणाला म्हणावे, हा प्रश्न आम्हांस पहिल्याच आठवड्यात पडतो आणि वर्ष संपले तरी सुटत नाही.

हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो तलासरीकडचा, वारली, आणि धर्माने कॅथलिक. बारावीला उत्तम गुण मिळवून तो मुंबईतल्या एका नामांकित मिशनरी महाविद्यालयात प्रवेश घ्यायला गेला. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली होती, त्यामुळे पहाटेची गाडी पकडली की दहाच्या आत चर्चगेटला पोहोचता येई. तेथे दोन खिडक्या होत्या. एकीवर ख्रिस्ती अल्पसंख्याकांचे अर्ज, दुसरीवर इतरांचे. तो पहिल्या रांगेत उभा राहिला तेव्हा त्याच्या जातीच्या दाखल्याकडे पाहून त्याला दुसरीकडे धाडले. दुसरीकडे त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला पाहून पुन्हा पहिलीकडे. शेवटी प्रवेश मिळाला. पण तो आम्हांला म्हणाला, "सर, मी दोन्ही आहे, हे त्यांना लिहायला जागाच नव्हती."

त्या कारकुनाला दोष देण्यात अर्थ नाही. जागा नव्हती हे खरेच. ती का नव्हती, हे शोधू गेल्यास मात्र आपण चारशे-साडेचारशे वर्षे मागे, आणि आमच्याच जिल्ह्यात, वसईच्या किल्ल्यात जाऊन पोहोचतो.

1534 च्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढची दोनशे पाच वर्षे हे शहर त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होते. पंधराशे चाळीसच्या दशकात सेंट फ्रान्सिस झेवियर येथे येऊन गेला आणि त्याच्या मागोमाग येशूसंघाने, ज्यांना आपण जेझुइट म्हणतो त्यांनी, येथे शाळा व पुढे महाविद्यालय उभारले. किल्ल्यात गेलेल्या वाचकांना त्या वास्तूचा दर्शनी भाग आठवत असेल: गोल कमानीचा दरवाजा, दोहों बाजूंस खोबणीदार खांब आणि वर येशूच्या नामाची अक्षरे. आत आता गवत आहे, आणि रविवारी लग्नापूर्वीची छायाचित्रे काढून घेणारी जोडपी असतात. (ती असावीत. ओसाडीपेक्षा बरे.)

या महाविद्यालयाची थोरली बहीण गोव्यात होती. तिचे नाव सेंट पॉल कॉलेज. 1541 मध्ये तेथील एका धार्मिक मंडळीने स्थानिक मुलांसाठी एक विद्यालय काढले आणि काही वर्षांतच ते जेझुइटांकडे आले. तेथील विद्यार्थ्यांची वर्णने वाचताना आम्हांस आमचाच हजेरीपट आठवतो. कोकण, कानडी मुलूख आणि मलबार येथील मुलांबरोबर मलाक्का व मोलुक्का बेटांकडून आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेली मुले तेथे एका छपराखाली राहत. त्यांनी पुढे आपापल्या लोकांत धर्मप्रसार करावा, हा हेतू उघड होता. म्हणूनच त्यांनी आपली बोली विसरू नये, असेही आरंभीच्या चालकांना वाटे. हिंदुस्थानातला पहिला छापखाना याच महाविद्यालयात सुरू झाला. 1556 च्या सप्टेंबरात तो जहाजावरून गोव्यास उतरला, तेव्हा खरे तर त्याला अ‍ॅबिसिनियाला जायचे होते. तो वाटेत येथेच राहिला. मुद्रणाचा आपला इतिहास असा एका चुकलेल्या मुक्कामापासून सुरू होतो, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे.

पण हे चित्र इतके गोजिरवाणे ठेवून चालणार नाही. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने एक कायदा गोव्यात लागू झाला. त्यान्वये ज्या हिंदू मुलांचे आईबाप मृत झाले असतील त्यांना सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावयाचे होते, म्हणजे तेथे त्यांचा बाप्तिस्मा व शिक्षण होईल. आजी-आजोबा किंवा चुलते मागे असले तरी मूल सुटेलच असे नव्हते. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशन आले. तेव्हा त्या बहुरंगी वसतिगृहातील काही मुले आपण होऊन आली होती, काही आईबापांनी धाडली होती आणि काहींना सरकारने उचलून आणले होते. एकाच बाकावर बसलेल्या मुलांचे तेथवर येण्याचे रस्ते इतके भिन्न असू शकतात, हे 'विविधता' या शब्दात मावत नाही. आजकाल महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो, म्हणून एवढे लांबण लावले.

आता वसईच्या विद्यार्थ्याकडे येऊ. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. जन्म 1556-57 च्या सुमाराचा. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इकडचीच. किल्ल्यातील जेझुइटांच्या शाळेत तो शिकला. तेथील सेबास्तियांव गोन्साल्विस या पाद्रींचा त्याच्यावर लोभ होता आणि सोळाव्या वर्षाच्या आतबाहेर तो त्यांच्यासोबत जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा अशी आत्मसात केली की धर्मशिक्षकाचे काम तो सहज करू लागला. वर्षानुवर्षे जेझुइटांची सेवा केल्यावर आपणही त्या संघात दाखल व्हावे, अशी त्याची स्वाभाविक इच्छा होती. ती मान्य झाली नाही.

का झाली नाही? त्या काळाकडे पाहिल्यास उत्तर फार दूर नाही. 1561 मध्ये मलबारकडच्या पेरो लुईस नावाच्या एका ब्राह्मण तरुणाला येशूसंघात घेतले गेले होते. तो पुढे धर्मगुरूही झाला. पण तो दरवाजा जवळजवळ त्याच्यामागेच बंद झाला. 1574 मध्ये हिंदुस्थानात आलेले संघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी हिंदी लोकांना आणि मिश्र रक्ताच्या लोकांना संघात घेऊ नये असे मत ठामपणे मांडले. जपानी व चिनी लोकांना मात्र त्यांनी 'गोऱ्यां'त गणले व त्यांना प्रवेश द्यावा असे सुचवले. म्हणजे गोन्सालोची अवस्था विलक्षण झाली. ज्या जपानी तरुणांना तो धर्म शिकवत होता त्यांच्यासाठी संघाचे दार किलकिले होते. शिकवणाऱ्यासाठी ते बंद. वसईच्या आईचा मुलगा असणे हीच त्याची अपात्रता असावी, असे आम्हांस वाटते. 1593 मध्ये याच संघाच्या महासभेने ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांवरही बंदी घातली, आणि ती पूर्णपणे उठायला 1946 साल उजाडावे लागले. तेव्हा रक्ताचा हा हिशेब केवळ हिंदी लोकांपुरता नव्हता. पण ज्याचे नाव नाकारले जाते त्याला या व्यापकतेने काय सांत्वन मिळणार?

गोन्सालो संघ सोडून व्यापारात पडला. त्यात त्याला यशही आले. मग सारे सोडून तो मनिलास गेला व फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू नव्हे, बंधू. 1593 मध्ये पेद्रो बाप्तिस्ता हे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टाई करण्यास निघाले तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. वसईच्या शाळेतला हा विद्यार्थी त्यांच्यासोबत गेला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत गोन्सालो होता. 1627 मध्ये तो 'धन्य' व 1862 मध्ये 'संत' ठरला. हिंदुस्थानात जन्मलेला पहिला संत तो हाच. आज वसईत त्याच्या नावाचे चर्च आहे, महाविद्यालय आहे, किल्ल्यात त्याचा सण साजरा होतो. जिवंतपणी ज्याला सदस्य करून घेण्यास नकार मिळाला, त्याचे नाव मृत्यूनंतर दरवाजावर कोरले गेले. अशी उदाहरणे आपल्या संतपरंपरेतही कमी नाहीत. मंगळवेढ्याच्या चोखोबाचे स्मरण मराठी वाचकाला येथे झाल्यावाचून राहणार नाही.

गोन्सालो गेला आणि एका पिढीने दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रो या गोमंतकीय ब्राह्मणाच्या वाट्याला असाच नकार आला. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला धर्मगुरूची दीक्षा दिली नाही. हा मनुष्य गप्प बसणारा नव्हता. तो थेट रोमला गेला, तेथे शिकला, दीक्षा घेतली आणि 1637 मध्ये बिशप होऊन परतला; लॅटिन परंपरेतला हिंदुस्थानचा पहिला बिशप. त्याला पोर्तुगीज मुलुखात नव्हे, आदिलशाहीच्या प्रदेशात, डिचोलीला बस्तान ठेवावे लागले, आणि गोव्याच्या सत्तेशी त्याचे भांडण आयुष्यभर चालले. त्या वादात त्याने ब्राह्मण्याचा अभिमानही पुरेपूर मिरवला, हे सांगावयास हवे. ज्याच्यावर अन्याय होतो तो दुसऱ्यावर करीत नाही असे मुळीच नाही.

भाषेचेही तेच झाले. सोळाव्या शतकात बोली राखू पाहणारी ही शिक्षणव्यवस्था सतराव्या शतकाच्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या हातून 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत गेली. इंग्लंडात जन्मलेला, 1579 मध्ये गोव्यास उतरलेला हा जेझुइट मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा सांगतो आणि 1616 मध्ये ती रायतूर येथे रोमन लिपीत छापली जाते, ही घटना मराठीच्या इतिहासात अपूर्व आहे. शांताराम बंडेलू यांनी 1956 मध्ये ती देवनागरीत आणली तेव्हा कोठे ती आमच्या अभ्यासक्रमांच्या टप्प्यात आली. आणि याच राज्यात, जून 1684 मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. सत्तर वर्षांत एवढे अंतर! शिकवणाऱ्यांना विद्यार्थ्याची भाषा हवीशी वाटते तोवर ती टिकते. ती अडचण वाटू लागली की फर्मान निघते, आणि प्रत्येक फर्मानाला शिक्का लागतोच असे नाही.

1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. त्याआधी जानेवारीत आमच्या तारापूरचा किल्ला पडला होता. त्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पोर्तुगीज निघून गेले, त्यांच्यामागोमाग यूरोपीय पाद्री गेले आणि वसईच्या महाविद्यालयाचे छप्पर कोसळू लागले. परंतु ख्रिस्ती प्रजा राहिली. ती मराठी अमलाखाली, देशी धर्मगुरूंच्या आधाराने, शेती व मासेमारी करीत राहिली. सामवेदी बोलणारे कुपारी, कोळी, वाडवळ ख्रिस्ती हे सारे त्यांतले. शंभर वर्षांवर त्यांच्यासाठी वरिष्ठ शिक्षणाची काही सोयच नव्हती.

मुंबईत ती पुन्हा आली, पण आता इंग्रजीतून. 1869 मध्ये जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स महाविद्यालय काढले आणि ते मुंबई विद्यापीठास जोडले. येथे आपल्या व्यवस्थेचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. यूरोप-अमेरिकेत कॅथलिक विद्यापीठ म्हणजे स्वतःची पदवी देणारी, आपल्याच धर्माच्या मुलांना मुख्यत्वे शिकवणारी संस्था. आमच्याकडे 1857 पासून पदवी देणार सरकारी विद्यापीठ आणि शिकवणार महाविद्यालय. त्यामुळे झेवियर्सच्या बाकांवर आरंभापासून पारशी व हिंदू मुले मोठ्या संख्येने बसू लागली. मालक अल्पसंख्य, आणि विद्यार्थ्यांतही त्यांचा समाज अल्पसंख्य. बहुसंख्याकांना भीती होती ती धर्मांतराची. ती अनाठायी नव्हती: 1839 मध्ये डॉ. जॉन विल्सन यांच्या प्रोटेस्टंट शाळेतील दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले होते आणि शाळेतून मुले भराभर काढून घेतली गेली होती. झेवियर्सच्या चालकांनी हा धडा ओळखला असावा. पहिल्या महायुद्धात जर्मन पाद्री शत्रुराष्ट्राचे म्हणून हटवले गेले, त्यांच्या जागी स्पॅनिश आले, आणि त्यांच्यात 1922 मध्ये आलेले फादर हेन्री हेरास होते. त्यांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवण्याची इच्छा होती, आणि तो आपल्याला मुळीच येत नाही हे त्यांनी प्राचार्यांना सरळ सांगितले, अशी आख्यायिका आहे. 1926 मध्ये त्यांनी तेथे इतिहास संशोधन संस्था उभारली. आधी विद्यार्थ्यांचा देश शिकायचा आणि मग शिकवायचे, हे धोरण आम्हां अध्यापकांपैकी किती जण पाळतात?

मात्र या नव्या व्यवस्थेत वसईचा कॅथलिक मुलगा कोठे बसला? इंग्रजी बोलणारे गोमंतकीय व मंगळुरी त्याच्या पुढे होते. मुंबई-साष्टीतील मूळ मराठीभाषक ख्रिस्ती लोकांनी 1887 मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना हे नाव चमत्कारिकच. पण ईस्ट इंडिया कंपनीशी असलेले जुने नाते सांगून नोकऱ्यांत गोमंतकीयांपासून आपण वेगळे आहोत हे सरकारला दाखवणे भाग होते. म्हणजे एकाच धर्मातील, एकाच रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारी मंडळी, पण कचेरीच्या दारात दोन रांगा. पुढे त्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली आणि मराठी घरापुरती उरली. वसईने तसे केले नाही. तेथे चर्चच्या शाळा मराठी राहिल्या, चर्चमधील गाणी मराठी राहिली. नंदाखालच्या अशाच एका मराठी शाळेतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी 'सुवार्ता' चालवले, हरित वसईचे आंदोलन उभे केले, 'सुबोध बायबल' लिहिले. 2019 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा पाद्री कसा चालेल म्हणून काहींनी धमक्यांचे फोन केले, हे आपण पाहिले आहे. चर्चमध्ये मराठी म्हणून अल्पसंख्य, मराठीत ख्रिस्ती म्हणून अल्पसंख्य. 2024 च्या जुलैत ते गेले. त्यांच्या मराठीत परकेपण शोधून सापडले नसते.

आता पुन्हा त्या दोन खिडक्यांकडे. राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला. 1974 मध्ये अहमदाबादच्या सेंट झेवियर्सच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी तो उचलून धरला. 1991 मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्सच्या खटल्यात निम्म्यापर्यंत जागा आपल्या समाजासाठी ठेवण्यास मान्यता मिळाली. हा हक्क आम्हांस मोलाचा वाटतो. बहुमताच्या राज्यात तो नसता तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही. पण 2005 च्या त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी करताना अल्पसंख्याकांच्या संस्थांना त्यातून वगळले. धर्मांतरानंतरही आदिवासी हा आदिवासीच राहतो, त्याचा दाखला रद्द होत नाही. दलित ख्रिस्ती मात्र 1950 च्या आदेशामुळे कागदावर अनुसूचित जातीचा राहत नाही. शीख व बौद्ध यांना 1956 व 1990 मध्ये मिळालेली दुरुस्ती त्याला अद्याप मिळालेली नाही. परिणामी वारली कॅथलिक मुलाजवळ असा दाखला असतो जो त्या दारात चाललाच पाहिजे असे बंधन नाही, आणि दलित कॅथलिक मुलाजवळ तो दाखलाच नाही. दोघांनाही आत घेतले जाते ते संस्थेच्या सद्सद्विवेकबुद्धीवर. अनेक कॅथलिक संस्था ती बुद्धी दाखवतात. परंतु सद्बुद्धी ही खिडकीवरच्या माणसागणिक बदलते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही द्वितीय वर्षाच्या मुलांना घेऊन वसईच्या किल्ल्यात गेलो. बोईसरहून विरारपर्यंत डहाणू लोकल, पुढे वसई आणि मग एस.टी. त्या दरवाजासमोर उभे राहून आम्ही गोन्सालोची गोष्ट सांगितली, ती येथे सांगितली त्याहून पुष्कळ छोटी, कारण ऊन होते. मोखाड्याच्या एका मुलीने विचारले, "सर, तो आईशी कुठल्या भाषेत बोलायचा?"

पोर्तुगीज येत असणार, लॅटिन शाळेत शिकला असणार, जपानी तर त्याच्या उपयोगाचीच भाषा. आम्ही म्हणालो, इकडचीच एखादी बोली असेल. कोळ्यांची, नाहीतर सामवेदीच्या जवळची. ती कोठे लिहून ठेवलेली नाही.

"म्हणजे आमच्यासारखंच," ती म्हणाली, आणि दरवाजातून आत, गवतात, मैत्रिणींच्या मागे गेली. साडेचारची गाडी चुकू नये म्हणून आम्ही मुले मोजू लागलो. बेचाळीस आणली होती, एक्केचाळीस भरली. बेचाळिसावा, कानपूरचा, कमानीखाली उभा राहून वरची अक्षरे वहीत उतरवून घेत होता.